गाडी निम्म्याहून कमी किमतीत, स्पेअर पूर्ण किमतीचे

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या गाड्यांच्या बाजारात कुठल्याही रविवारी चक्कर मारा. शोरूममधून निघताना 60-65 लाखांना पडलेली जर्मन सेडान सात-आठ वर्षांनी 15-16 लाखांत उभी दिसते. तेवढ्याच पैशांत रस्त्यापलीकडच्या शोरूममध्ये नवी कोरी देशी एसयूव्ही मिळते. मन डळमळणारच. एकीकडे वॉरंटी आणि फ्री सर्व्हिसचं कूपन, दुसरीकडे लेदर सीट, सनरूफ आणि बॉनेटवरचा तो तारा. घरातली तरुण मंडळी कुणाच्या बाजूने मत टाकतात, ते सांगायला नको.

माझं काम घेणाऱ्याच्या वतीने जुनी गाडी तपासून देण्याचं. माझ्याकडे येणारा माणूस बहुधा घासाघीस उरकून आलेला असतो. ‘16 सांगत होता, साडेचौदावर आणला,’ असं खुशीत सांगतो. त्याची खुशी मोडायला मलाही बरं वाटत नाही. पण त्याने वाचवलेले दीड लाख म्हणजे या गाडीच्या एखाद-दुसऱ्या पार्टाची किंमत असते. भाव उतरला तो गाडीचा. कंपनीच्या पार्टांच्या यादीत ती अजून 65 लाखांचीच गाडी आहे. तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिच्या दाराचं कुलूप, यांतलं काहीही गाडीसोबत स्वस्त झालेलं नाही.

यावर हमखास प्रश्न येतो. अहो, या गाड्या आता इथेच बनतात ना, मग पार्ट एवढे महाग कसे? प्रश्न बरोबर आहे. मर्सिडीज 1995 पासून आपल्या पिंपरीत बनू लागली, 2009 मध्ये चाकणला गेली. ऑडीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होते, बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ. पण मी ‘जुळणी’ म्हटलं, ते मुद्दाम. महत्त्वाचे भाग बरेचसे किटच्या रूपात बाहेरून येतात आणि इथे जोडले जातात. शिवाय खप किती? 2024 मध्ये मर्सिडीजने देशभरात 20 हजारांहून कमी गाड्या विकल्या. मारुती तेवढ्या आठवड्याच्या आत विकते. जिथे गाड्याच मोजक्या, तिथे भोसरीतला एखादा कारखानदार त्यांचे बुश आणि लोअर आर्म बनवायला कशाला बसेल? स्विफ्टचा पार्ट गल्लीत पाच कंपन्यांचा मिळतो. इथे पर्याय कमी, त्यामुळे भाव सांगणाराही बिनधास्त.

आता गाडी नेमकी सातव्या-आठव्या वर्षीच का विकायला निघते, हेही बघायला हवं. पहिल्या मालकाची वॉरंटी संपलेली असते, वाढवून घेतलेलं सर्व्हिस पॅकेजही संपत आलेलं असतं. आणि साधारण त्याच सुमाराला गाडीतलं रबर आणि प्लॅस्टिक म्हातारं व्हायला लागतं. इंजिन दणकट असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या इंजिनाभोवती अगदी दाटीवाटीने बसवलेल्या नळ्या, सील, गॅस्केट, सेन्सरची सॉकेटं रोज उकडून निघतात. त्यात आपलं ट्रॅफिक. घोडबंदर रोडला तासभर रखडलेल्या गाडीचा किलोमीटर काटा पुढे सरकत नाही, बॉनेटखालची भट्टी मात्र चालूच असते.

एअर सस्पेन्शनचं उदाहरण घेतो. त्यात स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी वाटते, त्यात वाद नाही. काही वर्षांनी त्या रबराला, जिथे घडी पडते तिथे, बारीक चिरा जातात. रात्रभर हवा झिरपते आणि सकाळी पार्किंगमध्ये गाडी एका कोपऱ्यावर टेकलेली दिसते. मालक म्हणतो, ‘स्टार्ट केली की उठते ना!’ उठते. पण तिला उठवतो तो कॉम्प्रेसर. त्याने अधूनमधून थोडा वेळ चालायचं, आता तो सतत धापा टाकत असतो. दोन-चार महिन्यांत तोही बसतो. जिथे एका फुग्यावर भागलं असतं तिथे फुगा, कॉम्प्रेसर आणि त्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, असं तिहेरी बिल येतं. फुग्यासकट कंपनीचा एक पुढचा शॉकअब मॉडेलप्रमाणे लाखाच्या मागेपुढे, आणि ते जोडीने बदलावेत असा सल्ला मिळतो. काहीजण वैतागून स्टीलच्या स्प्रिंग बसवून घेतात. चालतं, पण मग गाडीचा जो मऊपणा पाहून पैसे मोजले तोच गेला आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटला तो पेटलाच.

ऑइल गळतीचं प्रकरण वेगळं. बीएमडब्ल्यूच्या काही पेट्रोल इंजिनांत ऑइल फिल्टरच्या बैठकीखाली रबराचं एक छोटं गॅस्केट असतं. उष्णतेने ते कडक होतं, ऑइल पाझरतं आणि थेंब थेंब खालच्या बेल्टवर पडतं. गॅस्केट फार महाग नाही. पण तिथवर पोचायला फिटरला वरचं काय काय उतरवावं लागतं, ते पाहिलं की डोळे पांढरे होतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! आणि उतरवताना शेजारची कूलंटची प्लॅस्टिक नळी हातात तुकडे होऊन येते. त्यात फिटरची चूक नसते. ती नळी तशीही येत्या उन्हाळ्यात फुटणारच होती.

पावसाळ्याचा त्रास आपल्याकडे फार, आणि त्याची सुरुवात सनरूफपासून होते. सनरूफच्या चारी कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात, पाणी वाहून नेण्यासाठी. गाडी गुलमोहराखाली लावली की त्याची ती बारीक पानं नळीत जाऊन बसतात. मग पाणी छताच्या खांबातून आत उतरतं आणि गालिच्याखाली साचतं. बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे सांधे आणि कंट्रोल युनिट तिथेच, पायाखाली किंवा सीटखाली असतात. लक्षणं काय? काच आपोआप खाली जाते, बॅटरी रातोरात उतरते, सेंट्रल लॉक वेड्यासारखं करतं. मालक बॅटरी बदलतो, मग अल्टरनेटर बदलतो, आणि पाणी गालिच्याखाली तसंच. जुनी गाडी बघायला गेलात तर गालिच्याची कड उचलून खालच्या फोममध्ये बोट दाबा. ओल लागली, कुबट वास आला, तर त्या गाडीचा भाव कितीही उतरवून मिळाला तरी तो जास्तच आहे.

या गाड्यांत बॅटरी बदलणंसुद्धा सरळ नाही. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी घातली की तशी नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते, नाहीतर तो जुनी समजूनच तिला चार्ज करत राहतो. काही इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तर कंपनीच्या सर्व्हरशी जोडून कोडिंग केल्याशिवाय चालूच होत नाहीत. म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला पार्ट स्वस्तात मिळाला तरी तो तुमची गाडी ओळखेलच असं नाही. गाडीला स्टेपनी नसेल आणि पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतील, तर चारही टायरांचे भाव आधीच विचारून ठेवा, एवढंच सांगतो.

विम्याचं गणित मात्र सविस्तर सांगायला हवं. आधी एक गैरसमज. झिजून किंवा आपोआप बंद पडलेला पार्ट मोटार विम्यात येत नाही. गिअरबॉक्स गेला तर विमा कंपनी हात वर करते आणि ते नियमाला धरूनच असतं. साचलेल्या पाण्यात स्टार्ट मारून इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं, तर इंजिन प्रोटेक्शनची जोड घेतलेली असेल तरच काही मिळण्याची आशा. झीरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापण्याची जोड, बहुतेक ठिकाणी पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला देतात. त्यानंतर अपघाताच्या क्लेममध्ये प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टावर 50 टक्के, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टावर 40 टक्के घसारा तुमच्या खिशातून जातो.

आता मुख्य गोम. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. आयडीव्ही 12 लाख असेल तर ही रेषा 9 लाखांवर येते. समोरून एक बऱ्यापैकी धडक बसली, दोन एलईडी हेडलाइट, रेडिएटरचा संच, बॉनेट, दोन एअरबॅग, ताणलेले सीट बेल्ट आणि त्यांचं कंट्रोल युनिट, एवढ्या यादीला ही रेषा ओलांडायला वेळ लागत नाही. नवी असती तर हीच गाडी दुरुस्त होऊन आली असती. चेसिस सरळ, इंजिन ठणठणीत, आणि तरी गाडी भंगारात. कट गाड्यांच्या, म्हणजे गाड्या सुट्या करून पार्ट विकणाऱ्या बाजारात जो माल येतो, त्यातला काही इथूनच येतो.

त्या बाजाराबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथली जाणती माणसं तुमचे पैसे वाचवू शकतात. कंपनीच्या खोक्यातून येणारे कित्येक पार्ट मुळात बॉश, माले, झाक्स, लेमफोर्डर अशा कंपन्यांनी बनवलेले असतात. तोच माल, गाडीच्या कंपनीचा छाप नसलेला, कमी भावात मिळतो. बाहेरचा चांगला मिस्त्री तुम्हाला हे आपणहून सांगतो. मात्र ‘चांगला’ म्हणजे ज्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आहे आणि जो जुना पार्ट तुमच्या हातात देतो. अंदाजाने पार्ट बदलत जाणारा मिस्त्री शोरूमपेक्षा महाग पडतो.

गाडी कुठून आली तेही पाहा. दिल्ली परिसरात 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे गेल्या काही वर्षांत तिथून बऱ्याच गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या. भाव ऐकून जीव लट्टू होतो. पण एनओसी आणा, इथलं पासिंग करा, इथला रोड टॅक्स भरा, हे सगळं धरलं की त्या स्वस्ताईतला बराचसा भाग आरटीओतच राहतो. पुरातून निघालेल्या गाड्यांबद्दल चिपळूण-सांगलीकडच्या श्रोत्यांना मी काय सांगणार! सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला गाळाची रेघ असते आणि ती पुसायची आठवण सहसा कुणाला राहत नाही.

मग घ्यायचीच नाही का? मी तसं म्हणत नाही. साध्या स्प्रिंगची, पेट्रोलची, एका हातात राहिलेली आणि सर्व्हिसच्या जॉब कार्डांची फाईल पूर्ण असलेली गाडी मिळाली, तर ती सुख देते. गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, बदलावं लागत नाही, असं कुणी सांगितलं तर फक्त ऐकून घ्या. बीएमडब्ल्यू, जग्वार यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. बदलल्याचं बिल फाईलमध्ये असेल, तर तो मालक गाडी सांभाळणारा होता असं समजायला हरकत नाही. आणि तुमच्याकडे 15 लाख असतील तर 15 लाखांची गाडी घेऊ नका. 11-12 ची घ्या आणि उरलेल्या पैशांना पहिली दोन वर्षं हात लावू नका. कर्ज काढून तर अजिबात नको. गाडी गॅरेजमध्ये पार्टची वाट बघत उभी राहते, हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो.

बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. थंड असेल तर स्वतः किल्ली फिरवा आणि पहिले काही सेकंद कुणालाही बोलू देऊ नका. 2007 नंतरच्या काही वर्षांतल्या बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती सैल झाली असेल तर मागून खरखर ऐकू येते, आणि ती बदलायला एकतर गिअरबॉक्स उतरवायचा नाहीतर इंजिन. इंजिन तापलं की असे बरेच आवाज दबतात. म्हणून बॉनेट आधीच गरम लागलं, तर दिलेला चहा घ्या, गाडीची तारीफ करा आणि उद्या सकाळी सातला पुन्हा येतो म्हणून सांगा. त्यावर तो काय उत्तर देतो, ते नीट ऐका.

नमस्कार.