लक्षाची माधुकरी

(इंदूरमधील एका मराठी मंडळाच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान; बोलण्याचा बाज ठेवून थोडे आटोपशीर केले आहे.)

मंडळी, आपल्याच गावापासून सुरुवात करतो. २०२५ च्या १ जानेवारीपासून इंदुरात भीक देणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ लागला. मागणाऱ्याला अडवणं आधीपासून चालूच होतं, आता देणाराही आला. त्याच महिन्यात एका अनोळखी वाहनचालकावर देवळाबाहेर १० रुपये दिल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. अहिल्यादेवींनी देशभर अन्नछत्रं घातली, त्यांच्या गावात हे! आमच्या पोह्यांच्या कट्ट्यावर एकजण म्हणाला, ‘‘भिया, देने वाले पे केस!’’ सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, आणि आदल्याच आठवड्यात मी एका मागणाऱ्याला ग्रुपमधून बाहेर काढलं होतं. देणाऱ्यांचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता.

आजचा विषय तोच. जो माणूस सतत ‘माझ्याकडे बघा, माझ्याकडे बघा’ करतो, त्याचं तोंड बंद करावं का?

आमचा ग्रुप रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर असा पसरलेला. निरोप-निमंत्रणं, रक्तगट, ‘चांगला सुतार आहे का कुणाच्या ओळखीचा’, असल्या कामांसाठी काढलेला. त्यात एक गृहस्थ होते. त्यांना आपण कवीकाका म्हणू. पहाटे पावणेसहाला कविता. खाली ‘कशी वाटली? दोन शब्द तरी.’ नऊपर्यंत कुणी बोललं नाही, की ‘वाचली का कुणी?’ दुपारी ‘वाचली असेल तर अंगठा तरी दाखवा.’ आणि संध्याकाळी तीच कविता पुन्हा, या वेळी मागे गुलाबाचं फूल लावून. कविता वाईट नसायच्या, हेही सांगून टाकतो. आईच्या जात्यावर एक होती, ती मी जपून ठेवली आहे.

मग एक दिवस एका सभासदाच्या आईच्या तेराव्याचा निरोप त्या गुलाबांखाली गेला. सहा माणसं जेवणं उरकल्यावर पोचली. मला तीन फोन आले, तिन्ही चढ्या आवाजात. मी कवीकाकांना काढून टाकलं. कारण दिलं नाही, आधी बोललोही नाही. एक बटण दाबलं, झालं. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस मी. खातं बंद करायचं तर आधी पत्र पाठवावं लागतं एवढं मला कळायला हवं होतं.

आता गंमत ऐका. कवीकाकांनी आठ दिवसांत स्वतःचा ग्रुप काढला. त्यात नव्वद माणसं गेली, निम्मी आमचीच. त्यांत आमची हीसुद्धा! मी विचारलं, ‘‘अगं, तूच म्हणायचीस ना, डोकं उठवलं या माणसानं?’’ म्हणाली, ‘‘म्हणत होते. पण तिथे निदान कुणी कुणाला उत्तर तरी देतं. तुमच्या ग्रुपवर नुसते निरोप. स्टेशनवरचा भोंगा परवडला.’’

तेव्हापासून या विषयाने माझी पाठ धरली आहे.

लक्ष वेधून घेण्याची भूक मोबाइलने आणली, असं आपल्या वयाची माणसं म्हणतात. ते काही खरं नाही. ‘येन केन प्रकारेण’ हे आपण येता-जाता वापरतो ना, ते ज्या सुभाषितातलं आहे ते नीट बघा. घडा फोडावा, वस्त्र फाडावं, गाढवावर बसावं, पण काहीही करून माणसाने प्रसिद्ध व्हावं! ते रचणाऱ्याच्या ओळखीत असं कुणीतरी नक्की असणार. आणि गाढवावर बसणं हा आमच्या ग्रुपवरचा प्रकार आहेच. फक्त गाढवाऐवजी फोटो कसल्या कसल्या गाड्यांचे असतात.

ग्रीकांची गोष्ट याहून कडक आहे. इ.स.पू. ३५६ मध्ये इफिसस नावाच्या शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, हेरोस्ट्रेटस नावाच्या माणसाने आर्टेमिस देवीचं भव्य मंदिर जाळलं. कशासाठी? तर नाव व्हावं म्हणून. इफिससच्या लोकांनी त्याला मारलंच, पण वर फर्मान काढलं की याचं नाव कुणी उच्चारायचं नाही. म्हणजे आपल्या भाषेत, माणूसही ब्लॉक आणि नावही ब्लॉक. थिओपॉम्पस नावाच्या इतिहासकाराने ते तरीही लिहून ठेवलं. आणि आज सुमारे २३८० वर्षांनी इंदुरात, खाली चहा उकळतोय तोवर, मी ते तुम्हाला सांगतो आहे. बंदी घालणाऱ्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत गोळीबार झाला. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की त्या माणसाचं नाव मी कधीही घेणार नाही. नावं घ्यायची तर गेलेल्यांची घ्या. फरक लक्षात आला का? इफिससच्या लोकांनी दुसऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं. आर्डर्नबाईंनी स्वतःचं तोंड मिटलं. देणाऱ्याने आपली मूठ आवळली. पोलीस लागले नाहीत.

आता कायद्याचं थोडं, कारण दर वेळी कुणीतरी अभिव्यक्तिस्वातंत्र्य काढतोच. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६अ होतं. इंटरनेटवर काही पाठवून कुणाला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ झाली, तरी तुरुंगाची सोय त्यात होती. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली ती तुम्हाला आठवत असेल. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. शब्द इतके मोघम होते की एकाला जे टोचेल ते दुसऱ्याच्या गावीही नसेल. अर्थात ही सरकारवरची मर्यादा. माझ्या ग्रुपमधून मी कुणाला काढलं तर तो काही राज्यघटनेचा भंग होत नाही, तेव्हा कवीकाका वकिलाकडे गेले नाहीत ते बरंच झालं. पण न्यायालयाचं म्हणणं मला ॲडमिन म्हणूनही पटतं. ‘त्रास’ हे माप नाही. मला गुलाबांचा त्रास व्हायचा. दुसऱ्या एका सभासदाला माझ्या नियमांच्या याद्यांचा व्हायचा, आणि ते त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं.

मग माप कशाचं लावायचं?

इथे मला फेसबुकची एक जुनी गोष्ट उपयोगी वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ‘तुमची रास मेष असेल तर लाइक करा’ अशा धर्तीच्या, नुसत्या लाइक उकळणाऱ्या पोस्ट आम्ही खाली ढकलू. मात्र हरवलेल्या मुलाची माहिती, चांगल्या कामासाठी मदत, प्रवासाला निघण्याआधी मागितलेला सल्ला, हे मागणं चालेल. म्हणजे मागण्याला हरकत नाही. मागे काही नसताना नुसता हात पसरण्याला आहे. ही वाटणी मला मान्य आहे. पण हे सांगणारा कोण, तेही बघा. २००९ साली लाइकचं बटण ज्यांनी आणलं, तेच! आधी प्रत्येकाच्या हातात वाडगं दिलं, वाडग्यावर आकडा लावला, आकडा चारचौघांत मांडला, आणि मग म्हणाले, फार भिकारी झाले बुवा. दिवसभराच्या खणखणाटावर ज्याचा धंदा चालतो त्याने मागणाऱ्याला शिस्त शिकवावी, याचं मला हसू येतं. पुढे २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने लाइकचा आकडा लपवायची सोय दिली, यूट्यूबने नापसंतीचा आकडा झाकला. आकडा झाकला म्हणून वाडगं गेलं नाही.

भिकेच्या गोष्टीत हा मधला गृहस्थ नेहमी सुटतो. १० रुपये देणाऱ्यावर गुन्हा, मागणाऱ्याला उचलून निवाऱ्यात, आणि मुलांना चौकात उभं करून संध्याकाळी हिशेब घेणारा मात्र चहा पीत बसलेला.

काही ठिकाणी याहून वाईट उपाय करतात. माणसाला काढत नाहीत, सांगतही नाहीत. त्याचं लिहिलेलं फक्त त्यालाच दिसत राहतं. तो बिचारा रोज लिहितो, रोज वाट बघतो, आणि समोर भिंत. आपल्याकडे वाळीत टाकायचे. त्यात माणसाची राख व्हायची, म्हणून तर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. पण वाळीत टाकलेल्याला निदान माहीत असायचं की आपल्याला वाळीत टाकलंय. हा नवा प्रकार म्हणजे माणूस वाळीत आणि त्याला पत्ताच नाही. मला कुणी विचारलं तर यापेक्षा तोंडावर काढलेलं बरं. ‘म्यूट’ मात्र मला चालतं, कारण तिथे मी माझा कान झाकतो, त्याचा गळा दाबत नाही.

आता माझ्या वडिलांकडे येतो. ते शिकायला दुसऱ्या गावी होते तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यांच्या आधीच्या पिढीने माधुकरी मागितली. ठरलेली घरं, ठरलेली वेळ, दारात उभं राहून एकदा हाक द्यायची. कुणी आलं नाही तर पुढच्या दारी. मिळेल ते घ्यायचं, भाजी कशी होती ते बोलायचं नाही. त्या व्यवस्थेत जात घट्ट विणलेली होती, सगळ्यांच्या पोरांना ती दारं उघडी नव्हती, आणि तिचे गोडवे गाणाऱ्यांत मला बसायचं नाही. पण एक गोष्ट तिला कळली होती. भुकेची लाज बाळगायची नाही, मात्र हाकेला वेळ आणि मोजमाप हवं. आणि घरच्या बाईलाही ठाऊक असायचं की आज मंगळवार, म्हणजे एक ताट जास्त.

कवीकाकांचा वार मी लावायला हवा होता. रविवारी सकाळी कविता, सगळ्यांच्या. आणि ज्याला आवडेल त्याने खरोखर दोन शब्द लिहायचे. आपल्या सराफ्यात हेच चालतं की! दिवसा सोनं-चांदी, रात्री शटर खाली आलं की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस. भुट्ट्याचा वास दिवसा येत नाही म्हणून सोनार त्याला उठवायला जात नाही. आणि तिथला दहीवडा हवेत उडवून झेलणारा आठवा. लक्ष वेधण्यात त्याचा हात कोण धरेल? पण द्रोण हातात येतो तेव्हा त्यात वडा असतो.

हे सगळ्यांना लागू नाही, ते मी जाणून आहे. खोटं आजारपण सांगून पैसे गोळा करणारे, जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहून गोंधळ घालणारे, बाईमाणसाच्या प्रत्येक फोटोखाली हजेरी लावणारे, यांच्यासाठी वारबीर काही नाही. त्यांना त्याच क्षणी काढावं आणि सगळ्यांदेखत सांगून काढावं. त्यावर वेळ घालवत नाही.

अवघड आहे तो तिसरा माणूस. रात्री दोनला ‘कोणी जागं आहे का?’ एवढंच टाकणारा. सकाळी त्याच्याखाली हसरे चेहरे साचलेले असतात. आमच्या एका सभासदाने असं लागोपाठ चार रात्री टाकलं. पाचव्या दिवशी मी फोन केला. त्याचा मुलगा परदेशी, घड्याळं उलटी, दोनला त्याचा फोन यायचा तो बंद झाला होता. दहा मिनिटं बोललो. पुढे तो संदेश आला नाही. मी फार काही केलं असं नाही. त्याच्या मुलानेही बहुधा त्याच आठवड्यात फोन केला असावा.

पण खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत मी त्याच्यापेक्षा जास्त वेळा फोन उघडत होतो. कशासाठी? मी ग्रुपचे नवे नियम टाकले होते आणि किती जणांनी वाचले त्याच्या निळ्या खुणा मोजत होतो. एकशे बेचाळीस. उत्तर एकाचंही नाही. मग मीच खाली लिहिलं, ‘वाचले असल्यास कृपया अंगठा दाखवावा.’ पाठवलं, आणि मग वाक्य ओळखीचं वाटलं.

कवीकाकांना फोन केला. आधी उचलला नाही, मग उचलला. मी म्हटलं, काका, चुकलं, रविवार तुमचा, परत या. ते म्हणाले, ‘‘आता आमच्याकडे सातही वार लागलेत. तुम्हीच या.’’ त्यांच्या ग्रुपवर नवीन माणसाला ॲडमिनच्या मंजुरीनंतरच प्रवेश आहे. मी विनंती टाकली. तीन आठवडे झाले. आमची ही म्हणते, रांगेत तुमच्याआधी चौघं आहेत, आणि काका प्रत्येकाकडून आधी एक कविता मागवून घेतात.