पान खालचं की वरचं?

(अंधार. फोनचा उजेड दोन हातांवर. नखांच्या कडेला माती.)

हे हात बागकाम शिकवणाऱ्या एका बाईंचे आहेत. दिवसभर ते कुंड्यांत असतात, रात्री नऊनंतर या फोनवर. नाव घ्यायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर त्यांनी आम्हाला शेजारी बसू दिलं. त्यामुळे पुढची काही मिनिटं तुम्हाला हात दिसतील, स्क्रीन दिसेल आणि झाडं दिसतील. ज्यांचे मेसेज दाखवले आहेत, त्यांना आधी विचारलं आहे. फॉलोअर त्यांना ताई म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

ताईंनी इनबॉक्स उघडलाय. बोट कुठे जातंय बघा. समोरची यादी सोडून ते वरच्या कोपऱ्यात, ‘रिक्वेस्ट’वर गेलं. ओळख नसलेल्या माणसाचा मेसेज आधी या कप्प्यात पडतो. तुम्ही तो स्वीकारत नाही तोवर पाठवणाऱ्याला कळतही नाही, की कुणी वाचला का पडूनच आहे. ऑगस्ट 2023 पासून इन्स्टाग्रामने हे दार आणखी अरुंद केलं. समोरचा तुम्हाला फॉलो करत नसेल, तर तो स्वीकारेपर्यंत तुम्ही त्याला एकच मेसेज पाठवू शकता, तोही नुसता मजकूर. फोटो नाही, आवाज नाही. त्रास देणाऱ्यांना आवर घालण्यासाठी केलेला हा नियम आहे आणि तो हवाच होता. पण त्यामुळे ज्याचं झाड खरोखर आजारी आहे त्यालाही सगळं दुखणं एका ओळीत बसवावं लागतं.

(स्क्रीन, अगदी जवळून.)

‘ताई जास्वंदीची पानं पिवळी पडतायत काय करू’

ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह. रात्री अकराच्या पुढे पाठवलेला. ताईंनी तो स्वीकारला. आता त्या उत्तर टाइप करतायत, आणि आम्ही मुद्दाम इथे कॅमेरा हलवलेला नाही.

‘खालची जुनी पानं पिवळी पडतायत की वरची कोवळी?’

उपाय त्यांनी सांगितलेला नाही, उलट प्रश्न विचारलाय. त्यामागे झाडाचं शास्त्र आहे. नायट्रोजन झाडाच्या अंगात फिरता असतो. तो कमी पडला की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह मात्र पानात एकदा गेलं की सहसा तिथंच राहतं. ते कमी पडलं की वरची कोवळी पानं पिवळट दिसतात आणि त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. शिवाय पाणी जास्त झालं, मुळं गुदमरली, तरी पिवळेपणा बहुतेक वेळा खालूनच चढतो. दुखणं दिसायला एक, कारणं तीन.

(रीलखालच्या कमेंट. हळूहळू वर सरकतात.)

हाच प्रश्न रीलखाली विचारला की काय होतं, ते हे. एकानं लिहिलंय खत घाला. दुसऱ्यानं, उन्हात ठेवा. तिसऱ्यानं, सावलीत ठेवा. कुणीही खोटं सांगत नाहीये, प्रत्येकानं आपापल्या झाडाचा अनुभव लिहिलाय. पण विचारणाऱ्याचं झाड यातल्या कुणीच पाहिलेलं नाही. कमेंटमध्ये सगळे ऐकत असतात, म्हणून माणूस नीट सांगतही नाही. पाणी रोज दोनदा घालतो, हे चारचौघांत कबूल करायला लाज वाटते. इनबॉक्समध्ये ती वाटत नाही.

(परत फोन. ताईंचा अंगठा थांबलेला. समोरचा टाइप करतोय, तीन ठिपके हलतायत.)

‘खालची. फोटो पाठवू?’

‘पाठवा. आणि कुंडी उचलून बघा, जड लागते का?’

फोटो आला. ताई तो दोन बोटांनी मोठा करतात. पानापेक्षा त्या कुंडीच्या बुडाकडे जास्त वेळ बघतायत. ताटलीत पाणी साचलंय.

‘जड आहे.’

‘खालच्या भोकात काडी घालून बघा.’

मग सात-आठ मिनिटं काहीच नाही. हा भाग आम्ही कापलेला नाही, फक्त पळवलाय. कुठल्या तरी घरात, रात्री, कुणीतरी ओणवं होऊन कुंडीखाली काडी घालतंय. इथे ताई दुसऱ्या कुणाला तरी पिठ्या ढेकणाबद्दल आवाजात सांगतायत: कापसासारखं पांढरं दिसतंय ते ओल्या फडक्यानं पुसा, पानाची मागची बाजू विसरू नका. वीसेक सेकंदांचा मेसेज. लिहिलं असतं तर दोन मिनिटं गेली असती. शिवाय, त्या म्हणतात, घाबरू नका हे लिहून पोचत नाही, आवाजात पोचतं.

मग स्क्रीन हलते.

‘पाणी आलं ताई. काळं.’

(सकाळ. गॅलरी. तिपाईवर फोन, समोर कुंड्यांची रांग.)

हे ताईंचं दुसरं काम, जे सगळ्यांना दिसतं. रील. ‘नमस्कार, कशी आहेत तुमची झाडं?’ असं त्या लेन्सकडे बघून विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलू लागतात. लेन्स उत्तर देत नाही. 1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ आणि टीव्हीवरच्या अशा बोलण्याचा विचार केला होता. पडद्यावरचा माणूस थेट तुमच्याशीच बोलतोय असं वाटतं, रोज ऐकून तो ओळखीचा होतो, पण त्याला मात्र तुम्ही कोण हे ठाऊकच नसतं. या एकतर्फी नात्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ म्हटलं. त्या काळी प्रेक्षकाला फार तर पत्र टाकता यायचं. आज रील बघता बघता मेसेजच्या चौकटीत दोन शब्द लिहिले की ते थेट त्या बाईंच्या हातात पडतात. एकतर्फी नातं दुतर्फी करायची सोय एवढी जवळ कधीच नव्हती. आमच्या मते डीएमचं, म्हणजे या खासगी मेसेजचं, सगळं मोल इथे आहे, आणि म्हणूनच तो कसा वापरला जातो याचं आम्हाला इतकं वाटतं.

लोक तिकडे केव्हाच वळलेत. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी 2023 मध्येच सांगितलं होतं, की किशोरवयीन मुलं फीडपेक्षा स्टोरीमध्ये जास्त वेळ घालवतात आणि स्टोरीपेक्षाही जास्त डीएममध्ये.

(जुने स्क्रीनशॉट. एकाखाली एक, तोच मजकूर.)

हे स्क्रीनशॉट ताईंनी आम्हाला स्वतःहून दाखवले. फॉलोअर वाढू लागल्यावर त्यांनी इनबॉक्स एका एजन्सीकडे सोपवला होता. एजन्सीनं काय केलं ते इथे दिसतंय. प्रत्येक नव्या फॉलोअरला लगेच एक मेसेज: ‘आमच्या हिरव्या परिवारात स्वागत! खालील लिंकवर क्लिक करा.’ मोजून घ्या, एकच मजकूर, एकच फुलाचं चित्र. खाली उत्तरं बघा. एक जण विचारतो, ‘ताई तुम्हीच आहात ना?’ त्यालाही तोच मजकूर परत गेला. दुसरीनं आपल्या वाळलेल्या तुळशीबद्दल चार ओळी लिहिल्यात. तिलाही तोच.

ही चूक जुनी आहे. 3 मे 1978 रोजी गॅरी थर्क या मार्केटिंग अधिकाऱ्यानं आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या, सुमारे 400 जणांना आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात एकाच झटक्यात पाठवली. आज आपण ज्याला स्पॅम म्हणतो त्याची सुरुवात म्हणून ही तारीख सांगतात. तेव्हाही लोक चिडले होते. ज्या जागी माणूस आपल्या नावाच्या पत्राची वाट बघतो, तिथे कुणी भोंगा लावला की तो चिडणारच.

लोकांनी रिपोर्ट केलं, अकाउंटवरून मेसेज पाठवणं काही दिवस बंद पडलं, ताईंनी एजन्सीचं काम थांबवलं.

(कमेंटमध्ये एकच शब्द, शेकडो वेळा: ‘माती’, ‘माती’, ‘माती’.)

यंत्राला त्यांनी पूर्ण हद्दपार केलं, असं मात्र नाही. हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. ‘कमेंटमध्ये माती लिहा, मिश्रणाचं प्रमाण डीएम करते.’ एवढ्या जणांना हातानं पाठवणं शक्य नाही, ते काम सॉफ्टवेअर करतं. त्याला मेटानं, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीनं, लगाम घातलाय. अशा साधनातून कमेंट करणाऱ्याला एकच खासगी मेसेज जातो, तोही कमेंट केल्यापासून 7 दिवसांच्या आत. समोरच्यानं उत्तर दिलं तरच पुढचं बोलणं. त्यानं लिहिल्यापासून 24 तास खिडकी उघडी राहते, नंतर यंत्राला आपणहून काही पाठवता येत नाही. माणूस स्वतः उत्तर देणार असेल तर साधनातून 7 दिवसांपर्यंतची मुभा घेता येते. व्यवसाय करणारे या नियमांवर कुरकुरतात. आम्हाला ते न्यायाचे वाटतात. बोलणं चालू ठेवायचा अधिकार ज्यानं दार ठोठावलं त्याच्याकडे राहतो.

ताईंनी त्या एका मेसेजचं काय केलं ते बघा. मजकूर छोटा आहे. वर मिश्रणाचं प्रमाण: माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट. लिंक नाही. खाली एक ओळ: ‘हा मेसेज आपोआप आलाय. पण कुठल्या झाडासाठी हवंय ते लिहा, ते मी स्वतः वाचते.’

पहिलं वाक्य बऱ्याच जणांना लिहावंसं वाटत नाही. यंत्र आहे हे कळलं तर माणूस दुरावेल, अशी भीती असते. इथे बघा, खाली लोकांनी काय लिहिलंय. ‘मोगरा’. ‘गुलाब, पण उन्ह कमी आहे’. ‘झाड नाहीये अजून, आणायचंय’. ‘खरंच तुम्ही वाचता?’

(ताईंचा अंगठा. ‘हो, वाचते.’)

(वही. निळ्या शाईतले रकाने.)

आणि ही वही. तिच्यासाठी आम्ही दुसऱ्यांदा आलो, कारण पहिल्या दिवशी ती पिशवीत होती आणि ताईंना ती दाखवण्यासारखी वाटली नव्हती. पहिल्या रकान्यात फोनवरचं नाव, दुसऱ्यात झाड, तिसऱ्यात तारीख, चौथ्यात शेवटचं काय बोलणं झालं ते. ‘भोक बुजलं होतं.’ ‘बहिणीनं दिलेलं रोप.’ ‘गावाला जाणार, पाण्याची सोय सांगितली.’ पाचवा रकाना बऱ्याच ओळींत रिकामा आहे. त्याच्या डोक्यावर लिहिलंय, ‘मग?’

पंधरा दिवस झाले की ताई वही उघडतात आणि स्वतःहून एक ओळ पाठवतात. सगळ्यांना वेगळी. त्यात विकायचं काही नसतं. एका बाईला आमच्यासमोर गेलेला मेसेज असा: ‘गावाहून आलात का? बाटलीनं पाणी पुरलं?’ बस, एवढाच. ही ओळ कुठलंही यंत्र पाठवू शकतं, शब्द तर साधेच आहेत. पण बाटली उलटी खोचायची हे ताईंनीच सांगितलं होतं, त्या बाईंनी सांगायच्या आधीच ताईंना ते आठवतंय, आणि हे वाचणाऱ्याला तत्काळ कळतं.

रीलचे विषयही इथूनच निघतात. एकाच आठवड्यात तीन जणांचं भोक बुजलेलं निघालं, तेव्हा ताईंनी फक्त कुंडीच्या बुडावर एक रील केली. कुणाचा स्क्रीनशॉट लावायचा असेल तर आधी त्याला विचारतात, आणि ‘नको’ आलं तर विषय तिथेच संपतो. ‘त्यानं मला सांगितलंय, जगाला नाही,’ एवढंच त्या यावर बोलल्या.

कार्यशाळेला येणारी बरीचशी माणसं याच इनबॉक्समधून येतात. घर त्यावर चालतं. डोळे दुखतात, मान आखडते, आठवड्यातला एक दिवस फोन बंद असतो. घाणेरडे मेसेजही येतात. त्यांच्यासाठी काही शब्दच गाळून टाकायची सोय लावून ठेवलीय, आणि ब्लॉक करताना ताई दोनदा विचार करत नाहीत.

(पुन्हा रात्र. तेच हात. वहीत बोट एका ओळीवर.)

शूटिंगचा शेवटचा दिवस. वहीतली ओळ: जास्वंद, भोक बुजलेलं, काळं पाणी. ‘मग?’ रिकामं. त्या रात्रीला आज पंधरा दिवस झाले.

‘जास्वंद कशी आहे?’

मेसेजखाली ‘सीन’ आलं. तीन ठिपके आले, गेले, परत आले.

‘ताई ती गेली. मुळं पार सडली होती.’

ताई काही लिहीत नाहीत. फोन मांडीवर ठेवला, मग परत उचलला. पुढचा मेसेज त्यांच्याआधी तिकडूनच आला, सोबत फोटो. कागदात गुंडाळलेलं नवं रोप, अजून कुंडीत लावलेलं नाही.

‘दुसरी आणलीये. तुम्ही सांगितल्याशिवाय लावत नाही.’

(ताई फोटो मोठा करतात. शेजारी रिकामी कुंडी दिसतेय.)

‘कुंडी उलटी करून फोटो पाठवा आधी.’