नळातून परत जाणारं पाणी

(दृश्य : कुळागर, निळ्या मिश्रणाचं पिंप, आत सोडलेली नळी)

गोव्यातल्या सावई-वेरेतलं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. पावसाच्या तोंडावर माडीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, कोळे रोगाची (फळं कुजण्याच्या रोगावरची) फवारणी करायची आहे. १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद, १ किलो चुना : एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. पिंपात घरच्या नळाची नळी सोडली आहे. तिचं तोंड बघा, मिश्रणात वीतभर बुडालेलं. इथूनच हे मिश्रण पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये परत जाऊ शकतं.

लाइनला दाब आहे तोवर पाणी नळाकडून पिंपाकडे येतं. पण ठरावीक वेळेलाच पाणी सुटणाऱ्या वाड्यावर हा दाब रोज जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला ओपा पाणीपुरवठा प्रकल्पाची जलवाहिनी फुटली, तेव्हा तिसवाडी आणि फोंड्यातले नळ कित्येक दिवस कोरडे होते. लाइन रिकामी होताना चढावरच्या घरांतलं पाणी उताराकडे ओढलं जातं, मागे पोकळी तयार होते आणि ती पोकळी मिळेल तिथून भरून निघते. पिंपातून, बादलीतून, म्हशीच्या टाकीतूनही.

(दृश्य : टेबलावर जोडलेल्या पारदर्शक नळ्या)

इथे तोच प्रकार काचेसारख्या नळ्यांत जोडला आहे. वरचा व्हॉल्व्ह बंद, खालचा नळ उघडा. निळी रेघ नळीतून वर चढते, वळते आणि खालच्या नळाला लागते. पंप नाही, मोटर नाही.

उपाय एका सुतळीचा आहे. नळीचं तोंड पिंपाच्या काठाच्या वर बांधायचं. अंतर पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कधीही २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. अर्ध्या इंचाच्या पाइपाला ३० मिलिमीटर, एक इंचाच्या पाइपाला ५०. मध्ये मोकळी हवा असली की पाणी मागे जाऊच शकत नाही. यात झिजणारा भाग नाही, अडकणारा नाही. कुठल्याही व्हॉल्व्हपेक्षा आमचा भरवसा या अंतरावर आहे.

(दृश्य : अंगणातला संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, झाकण उघडलेलं)

संपालाही हाच नियम. बॉल कॉकचं (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाचं) तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर हवं. या संपात ते वरच आहे, पण रात्री पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून त्याला प्लास्टिकची नळी जोडून ती तळापर्यंत नेली आहे. म्हणजे अंतर संपलं. ही नळी काढून टाका. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा मोठा ठेवा, त्याच्या तोंडाला जाळी बसवा आणि तो गटारात बुडवू नका. ओव्हरफ्लो तुंबला की पाणी बॉल कॉकच्या वर चढतं.

(दृश्य : चिऱ्यांची विहीर, मोटर, भिंतीवरचे पाइप)

आता गोव्यातलं खरं दुखणं. घरात विहीर आहे, नळही आहे, आणि टाकीकडे जाणारा पाइप एकच. मध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड), दोन गेट व्हॉल्व्ह. 'नळ चालू तर विहीर बंद' एवढ्या शिस्तीवर सगळं चाललेलं.

दाब मोजणारा गेज लावून पाहू. टाकी ९ मीटर उंचीवर, म्हणजे तिच्या पाण्याचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ०.९ किलो. मोटर चालू असली की त्याहून जास्त. रस्त्यावरच्या लाइनला या क्षणी ०.४. एक व्हॉल्व्ह उघडा राहिला की विहिरीचं पाणी लाइनमध्ये शिरतं. मीटरच्या काट्याकडे बघा : उलटा फिरतोय.

इथे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आहे. तो खोलला. आतली झडप पितळेची, सीट रबराची, आणि दोन्हींच्या मध्ये लाल मातीचा थर. तांदळाच्या दाण्याएवढा खडा अडकला तरी झडप बसत नाही, आणि ती बसली नाही हे बाहेरून कळत नाही. एनआरव्ही लावा, जरूर लावा. पण विहीर आणि नळ यांच्यामध्ये तेवढ्यावर विसंबू नका.

घरची तपासणी अशी. मीटरजवळचा कॉक बंद करा. लाइनचा थेट नळ उघडा आणि कोरडा होऊ द्या. मग विहिरीची मोटर चालू करा. त्या नळाला पाणी आलं तर कुठेतरी जोड आहे.

(दृश्य : पाइप कापताना, दोन्ही टोकांना कॅप)

तो जोड कापायचा. व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण बंद केलेला व्हॉल्व्ह कोणीतरी चतुर्थीला पाहुणे आले की उघडतो. दोन्ही टोकांना एंड कॅप. विहिरीच्या पाण्याला वेगळी टाकी : बागेला, फ्लशला. एकच टाकी असेल तर दोन्ही पाइप वरून, हवेचं अंतर ठेवून सोडा.

हॉटेलं आणि कारखान्यांना, जिथे रसायनं किंवा बॉयलर जोडलेले असतात, आरपीझेड (रिड्यूस्ड प्रेशर झोन) व्हॉल्व्ह लागतो. दोन झडपा, मध्ये दाब सोडणारं तोंड. येणारं पाणी आणि मधला भाग यांच्यातला दाबफरक ०.१४ बारपर्यंत घसरला की ते उघडतं आणि पाणी बाहेर टाकतं. म्हणून तो जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर बसवायचा, पावसात भरणाऱ्या खड्ड्यात नाही, आणि वर्षातून एकदा तपासून घ्यायचा. १९३३ मध्ये शिकागोच्या हॉटेलांतल्या अशाच चुकीच्या जोडण्यांमुळे आमांशाची साथ पसरली, ९८ जण गेले. कावीळ, टायफॉइड, जुलाब याच वाटेने येऊ शकतात.

(दृश्य : टाकी धुताना, टेस्ट किटमधलं गुलाबी पाणी)

जोड कापल्यावर टाकी घासून धुवा. मग १००० लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, २५ टक्के क्लोरीनची. बादलीत कालवा, खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. १२ तास थांबा, या काळात पाणी वापरू नका. सगळं सोडून द्या, पुन्हा भरा. मग डीपीडी गोळीने (क्लोरीन असेल तर ती पाणी गुलाबी करते) नळाचं पाणी तपासा : लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. शेजारच्या घरी ते दिसतं आणि तुमच्या नळाला शून्य येतं, तर जोड अजून कुठेतरी शिल्लक असू शकतो. पुन्हा मीटरपासून सुरुवात करा.