बर्फातली पेरणी

जानेवारी, मिनियापोलिस. सकाळी पारा उणे 20 च्या खाली. अंगणात ओळीनं मांडलेले हे दुधाचे रिकामे कॅन मानेपर्यंत बर्फात बुडालेत, आणि आत पेरणी झालेली आहे.

बी आहे स्वॅम्प मिल्कवीडचं. आपल्या रुईचं हे अमेरिकेतलं भावंड. पान तोडलं की तसाच पांढरा चीक, शेंग उकलली की तशाच म्हाताऱ्या.

शेंगा सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार होतात. शिवणीवर अंगठ्यानं हलकं दाबायचं. सहज उकलली आणि आतलं बी तपकिरी निघालं तर काढायची. बी पांढरं असेल तर बाकीच्या शेंगा अजून झाडावर राहू द्यायच्या. म्हाताऱ्या फुलायच्या आत कापसाचं टोक असं चिमटीत धरून बी ओरबाडून घ्यायचं. फुलल्यानंतर हेच काम घरभर उडतं.

हे बी मे महिन्यात थेट पेरलं तर बरंचसं झोपूनच राहतं. त्याला ओलाव्यात निदान महिनाभर थंडी हवी. शेंगेतून पडल्या पडल्या उगवलं असतं, तर पहिल्याच हिमात कोंब गेला असता. ही थंडी फ्रिजमध्ये देता येते, पण पुढे दिवे, ट्रे आणि रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं आलं. अंगणात हे सगळं टळतं.

कॅन एक गॅलनचा, म्हणजे जवळपास पावणेचार लिटरचा, उजेड आत येईल असा दुधी. तळाला सहा-सात भोकं. ती पाडायची राहिली तर पाणी तुंबून बी कुजतं. तळापासून दहा सेंटिमीटरवर आडवा काप, मुठीखाली थोडी जागा न कापता, तीच बिजागरी. आत आठ सेंटिमीटर कुंडीचं तयार मिश्रण, पिळलेल्या फडक्याइतकं ओलं. बागेतली माती नको, ती दगडासारखी बसते आणि तणाचं बीही घेऊन येते. बी पसरून वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण, मग कापावर डक्ट टेप.

टोपण मात्र फेकून द्यायचं. बर्फ आणि पाऊस त्याच तोंडातून आत जातात, उन्हाची वाफ तिथूनच बाहेर पडते. नाव बाहेरून लिहिलं तर उन्हानं उडतं, म्हणून एक पट्टी आतही खोचायची. कॅन वळचणीखाली नको, कोरडा पडेल. दक्षिणेच्या भिंतीलाही नको, बी वेळेआधी जागं होईल.

यानंतर मार्चपर्यंत काही करायचं नाही. हात लावायचा मोह आवरायचा.

धोका एप्रिलात. बर्फ गेलेला, ऊन चढलेलं. कॅन उचलून बघायचा. हलका लागला तर पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी पाजायचं. बहुतेक कॅन थंडीनं नाही, या पंधरवड्यात सुकून वाया जातात. शेजारच्या कॅनमध्ये इतर रोपं दिसू लागतात तेव्हाही मिल्कवीडची माती काळीच असते. ते माती तापल्यावर, बहुधा मे महिन्यात उगवतं. त्याआधी कॅन उपडा करू नका.

रोपं दिसली की कॅनचा कापलेला वरचा भाग दिवसा उघडा, हिमाच्या रात्री बंद. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की मातीच्या ढेकळासकट जमिनीत. मुळं एकमेकांत गुंतेपर्यंत थांबलं तर सोडवताना तुटतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा.

मिरची-वांग्याला ही रीत चालत नाही. त्यांना मार्चमध्ये घरात, दिव्याखालीच पेरावं लागतं.

मका-सोयाबीनच्या शेतांतून तणनाशकानं मिल्कवीड गेलं, आणि मोनार्क फुलपाखराच्या अळीला दुसरं खाणं नाही.

दुसऱ्या वर्षीचा जुलै. गुलाबी फुलं. पान उलटं करा: टाचणीच्या डोक्याएवढं, पिवळट पांढरं अंडं.