घास अडतो तेव्हा: ॲकलेशियाचे उपचार दहा वर्षांच्या नजरेने

मंडळी, ज्या आजाराविषयी आज बोलायचं आहे त्याचा रुग्ण चारचौघांबरोबर जेवायला बसणं टाळतो. बसलाच, तर सगळ्यांचं आटोपलं तरी त्याचं ताट निम्मं भरलेलं असतं. दर घासामागे पाणी. मधेच तो उठून उभा राहतो, हात मागे ताणून छाती पुढे काढतो, श्वास रोखतो, आणि मग आत काहीतरी सुटल्यासारखं होतं. घास उतरला. रात्री तेच अन्न तोंडात परत येतं, उशी ओली होते, ठसका लागून जाग येते. याचं नाव ॲकलेशिया.

आपली अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटरची. घास गिळला की वरून खाली एक लाट जाते आणि ती पोहोचायच्या आत तळाची झडप सैल पडते. ही झडप म्हणजे स्नायूचं एक कडं. त्याला सैल करणाऱ्या नसांच्या पेशी या आजारात हळूहळू मरतात. लाट नाहीशी होते, झडप मिटलेली राहते आणि अन्न वर साचतं. साचलेलं अन्न आंबतं, छातीत जळजळतं, म्हणून कित्येकांना आधी वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या जातात. वर्षाला लाखात जेमतेम एकदोघांना होणारा आजार, चटकन डोक्यात येत नाही हे मी समजू शकतो. पण घन अन्नाबरोबर पाणीसुद्धा अडतंय असं रुग्ण सांगत असेल, तर तिथे थांबून विचार करायलाच हवा.

आता उपचार. मेलेल्या नसा परत आणणारा उपचार आज आपल्याकडे नाही. आपण फक्त दार ढिलं करतो, आणि मग अन्न स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. 1674 मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशाच एका रुग्णाची हकिकत लिहून ठेवली. देवमाशाच्या हाडाच्या काडीला टोकाशी स्पंज बांधून तो रुग्ण प्रत्येक जेवणानंतर अन्न खाली ढकलायचा, आणि असा तो अनेक वर्षं जगला. आपली साधनं सुधारली, पण आपणही दारच उघडतो आहोत.

गोळ्यांचा उपयोग फारच थोडा. झडपेत स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचं इंजेक्शन देता येतं, पण त्याचा असर बहुधा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. भूल सोसणार नाही अशा वयोवृद्धांसाठी ते ठीक. तरुणाला ते वारंवार देणं मला पटत नाही.

टिकाऊ उपाय तीन. पहिला फुग्याचा. 30 मिलिमीटर व्यासाचा फुगा झडपेत नेऊन फुगवायचा. क्ष-किरणांच्या पडद्यावर फुग्याला आधी मध्यभागी कंबर दिसते, ती झडपेची पकड. दाब वाढवला की कंबर नाहीशी होते, म्हणजे स्नायूचे तंतू फाटले. दुसरा हेलर यांचा. अर्न्स्ट हेलर यांनी 1913 मध्ये जर्मनीत पहिल्यांदा हा स्नायू बाहेरून चिरला. आज तेच पोटावरच्या छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने करतात आणि ॲसिड वर येऊ नये म्हणून जठराची घडी चिरेवर शिवतात. तिसरा पोएम. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये तो माणसावर पहिल्यांदा केला. तोंडावाटे एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचिक नळी, घालायचा, अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला छोटी चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा खणत झडपेपर्यंत जायचं, आतून स्नायू कापायचा आणि परत येताना चीर क्लिपांनी बंद करायची. अंगावर एकही टाका नाही.

यातला सर्वांत चांगला कोणता, हे मला रोज विचारलं जातं. युरोपातल्या मोठ्या चाचणीत फुगा आणि हेलर यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतर फुग्याचं यश 82 टक्के, शस्त्रक्रियेचं 84. जवळपास बरोबरी. 2019 मध्ये फुगा आणि पोएम यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा दोनच वर्षांनी पोएम 92 आणि फुगा 54! तोच फुगा, मग एवढी घसरण कशी? उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्या चाचणीत त्रास परतला तर पुन्हा फुगवायची मुभा होती, आणि सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांना तसं करावंही लागलं. तरी ते यशातच धरले गेले. दुसरीत ठरलेल्या फुगवण्यांनंतर पुन्हा उपचार लागला की ते अपयश. दोन्ही आकडे खरे आहेत. रुग्णाने स्वतःला विचारायचं ते एवढंच, की दर काही वर्षांनी पुन्हा फुगवून घ्यायची माझी तयारी आहे का? असेल, तर फुगा आजही चांगला उपाय आहे. तरुण पुरुषांत मात्र तो कमी टिकतो. शिवाय अन्ननलिका फाटण्याचा धोका आहे, त्या युरोपीय चाचणीत तो 4 टक्के होता. म्हणून सुरुवात लहान फुग्यानेच करायची.

पोएमची बाजू वेगळी. गिळणं सुधारण्यात तो हेलरच्या तोडीचा आहे, दोघांची थेट तुलना करणाऱ्या चाचणीत दोन वर्षांनी 83 विरुद्ध 82 टक्के. पण त्यात जठराची घडी शिवलेली नसते. त्याच चाचणीत दोन वर्षांनी ॲसिडमुळे अन्ननलिकेला सूज आलेले रुग्ण पोएममध्ये 44 टक्के होते, हेलरमध्ये 29. विशीतल्या रुग्णाला पोएम सुचवताना हे आधी सांगणं मी माझं कर्तव्य समजतो. बहुतेकांना ॲसिडिटीच्या गोळ्यांनी आराम पडतो, पण त्या किती वर्षं घ्याव्या लागणार, याचा विचार आधीच झालेला बरा. उलट, अन्ननलिकेतल्या दाबावरून ॲकलेशियाचे तीन प्रकार करतात, त्यातल्या तिसऱ्यात झडपेच्या वरचा अन्ननलिकेचा भागही झटके येऊन आवळतो. तिथे पोएमने चीर हवी तितकी वर नेता येते, आणि मी निःशंकपणे पोएमच सांगतो. दुसऱ्या प्रकारात तिन्ही उपायांना चांगलं यश येतं. म्हणून मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी, झाल्याशिवाय उपचार ठरवू नका.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. हे यश एकार्ट गुणांवर मोजतात. घास अडणं, अन्न वर येणं, छातीत दुखणं, वजन घटणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि एकूण तीनपर्यंत असले तर उपचार यशस्वी. म्हणजे ज्याचा घास दर जेवणात अडतो, पण बाकी काही त्रास नाही, तोही यशस्वीच!

माझ्या एक रुग्णबाई फुग्याच्या उपचारानंतर सहा वर्षांनी आल्या. "छान चाललंय," म्हणाल्या. मी त्यांना उभं करून बेरियम, म्हणजे क्ष-किरणांत पांढरं दिसणारं द्रावण, पाजलं आणि एक, दोन आणि पाच मिनिटांनी क्ष-किरण फोटो काढले. पाचव्या मिनिटालाही पांढरा स्तंभ छातीच्या मध्यापर्यंत तसाच उभा होता. ताणून सैल झालेल्या अन्ननलिकेला आता अडलेलं जाणवतच नव्हतं. मग मी विचारलं, जेवताना पाणी किती लागतं? त्या म्हणाल्या, "तांब्याभर. ते तर पहिल्यापासूनच लागतं, डॉक्टर."