नवसागराचा धूर

(दृश्य : दिव्याखाली दगड, बोटं, सुई)

हा दगड पुण्याचा नाही. पुण्याचा कातळ लाव्हाचा; समुद्रातले शिंपले त्यात मिळायचे नाहीत. हा कच्छहून आलाय, पोटात शिंपल्याचा जीवाश्म, वय सुमारे १५ कोटी वर्षं.

सुई सावकाश चालते. दगड सुटला पाहिजे, शिंपल्याला ओरखडा उठता कामा नये. बाहेरच्या बरगड्या देखण्या, पण खरी ओळख पटते ती आतल्या बिजागरीवर, दोन झाकणं जिथे अडकतात तिथल्या दातांवरून. हे डावं झाकण. मधला दात मोठा, दुभंगलेला, त्याच्या अंगावर बारीक खाचा. घराणं ठरलं : ट्रायगोनिया.

(दृश्य : पांढरा धूर)

हा नवसागर. तापवला की धूर होतो आणि शिंपल्यावर सायीसारखा धरतो. डाग झाकले जातात, उरतो निव्वळ आकार. आता फोटो. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच घ्यायचा, ही जुनी रीत. नाहीतर खाच उंचवट्यासारखी भासते. मग पाण्यानं धुतलं की साय गेली.

(दृश्य : जुन्या ग्रंथातली चित्रं)

१८४० साली लंडनमध्ये सॉवर्बी यांनी कच्छच्या या शिंपल्याला ‘ट्रायगोनिया स्मीआय’ म्हटलं. १९०३ मध्ये किचिन यांनी कच्छच्या ट्रायगोनियांवर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे जर्मनीत डीट्रिच पूर्व आफ्रिकेतल्या टेंडागुरूचे शिंपले अभ्यासत होते. १९३३ मध्ये त्यांनी वेगळा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडला, इंडोट्रायगोनिया, आणि कच्छचा शिंपला त्यात गेला. आता लिहितात : इंडोट्रायगोनिया स्मीआय, पुढे कंसात सॉवर्बी, १८४०. कंस दिसला की ओळखावं, या जातीनं घर बदललंय. पहिलं नाव देणारा मात्र कायम राहतो. मला हा कंस फार आवडतो.

नवी जात मांडायची तर एक नमुना निवडावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. शंका आली की जगातल्या कुणालाही परत त्याच एका शिंपल्यापाशी यावं लागतं. म्हणून त्याचा क्रमांक, त्याची चिठ्ठी, त्याचा खण.

(दृश्य : खणांच्या रांगा)

हे काम शिकून घेणारे हात कमी होत चाललेत.

(दृश्य : टेबलावर दोन शिंपले)

डावीकडे कच्छचा, उजवीकडे इंद्रायणीच्या गाळातला. रंगरूप वेगळं, तरी वर्गीकरणात दोघे जातभाई, एकाच मोठ्या गटातले. ट्रायगोनियाच्या खुद्द कुळातला एकच वंश आज जिवंत आहे, तोही ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात. इंद्रायणीतला भाऊ मात्र तासाभराच्या अंतरावर.

(दृश्य : शाईची दौत, चिठ्ठी)

नाव. कंसात सॉवर्बी. ठिकाण, थर, तारीख. चिठ्ठी वाळू द्यायची, मग खण बंद.