पट्टा सुटला, पण घाटात

नमस्कार श्रोतेहो. आज सीटबेल्टबद्दल बोलू. तो लावा, असं मी सांगणार नाही. ते दंडाची पावती सांगते. बोलायचंय ते चुकीच्या बसवलेल्या पट्ट्याबद्दल.

आमच्या गेवराईच्या दाजींनी जुनी गाडी घेतली. डाव्या बाजूच्या दोन दारांमधल्या खांबाचं डेंटिंग आधीच झालेलं. त्यामुळं झालं असं, की ताईच्या बाजूचा पट्टा वीतभर यायचा आणि अडकायचा. दाजींनी उपाय काय केला? बाजारातली नुसती क्लिप आणून खटक्यात खोचली. पट्टा न लावल्याची टुंगटुंग बंद! ही क्लिप विकणाऱ्यांवर आणि विकत घेणाऱ्यांवरही माझा भारी राग आहे.

तर आम्ही तुळजापूरला निघालो. बीड मागं पडलं, मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला. ताईनं सहज पट्टा ओढला, तर सळसळत हातभर बाहेर! "अहो, सुटला की! आईनंच सोडला बघा." दाजींनी स्टिअरिंगवरूनच हात जोडले. म्हटलं, दाजी, हात खाली, घाट आहे. वर सपाटीला चहाला थांबलो. पुन्हा ओढला, तर पुन्हा अडकलेला. आता आईला काय म्हणायचं?

श्रोतेहो, पट्ट्याच्या रिळात एक गोळी असते. जोरात ब्रेक लागला की ती सरकते, रीळ अडकतं. दाजींच्या गाडीत रीळच पुढं झुकवून बसवलेलं, म्हणून गोळी कायम सरकलेली. चढाला गाडीचं नाक वर झालं, रीळ उभं झालं, गोळी जागेवर आली. परतताना बीडच्या मिस्त्रीनं खांबाचं प्लास्टिक काढलं. रिळाच्या पाठची खुंटी तिच्या भोकात बसलेलीच नव्हती. बोल्ट सैल केला, खुंटी भोकात बसवली, बोल्ट आवळला. काम झालं. मिस्त्रीला आम्ही तुळजापूरचे पेढे दिले, ताईनं वर दक्षिणाही ठेवली.

तुम्ही काय बघायचं? पट्टा हळू ओढा, यायला हवा. झटक्यानं ओढा, अडकायला हवा. सोडा, आत जायला हवा. पुन्हा सांगतो: हळू येतो, झटक्यानं अडकतो, सोडला की जातो. मग वरपासून खालपर्यंत तळहात फिरवा. कुठं पीळ लागला, तर बहुधा खालचा बोल्ट लावताना पट्टा उलटा फिरलाय. पीळ पडलेला पट्टा धडकेत दोरीसारखा रुततो. बोल्ट काढून पीळ सोडवायचा, आणि बोल्ट कंपनीचाच लावायचा, भंगारातला नाही. वरची कडी बोटानं हलायला हवी.

खटका सीटकव्हरखाली गाडला गेला असेल, तर कव्हर कापा. मे महिन्याच्या मराठवाड्यात मखमली कव्हर घालणाऱ्यांशी तसंही माझं पटत नाही.

आणि हो, रीळ घरी उघडू नका, आतली स्प्रिंग उसळते. एअरबॅग असलेल्या गाडीत बऱ्याचदा पट्टा आवळणारी स्फोटक पुडीही रिळातच असते. तिथं काम कंपनीच्या वर्कशॉपलाच, बॅटरीची वायर सोडवून. धडकेत ताण बसलेला पट्टा दुरुस्त करायचा नाही, नवाच घालायचा.